चादरीमागचा देवमासा

मला मधे बोलायची खोड आहे. कोणी काही सांगत असलं की त्याचं वाक्य मीच पुरं करतो आणि कोणी गोष्ट सुरू केली की शेवट मीच सांगून टाकतो. बायको म्हणते, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने दिवस काढणारा माणूस घरी आल्यावर तोंड कसं आवरणार. मी मालगाडीचा गार्ड होतो. जयपूरहून फुलेऱ्याला, कधी बांदीकुईला, गाडीच्या शेपटीला बसून जायचं. बगलेत हिरवी आणि लाल झेंडी, खिशात शिट्टी, आणि बोलायला समोर कोणी नाही.

नागपूरहून बदली होऊन आम्ही इथे आलो तेव्हा मुलगी कडेवर होती. ती वाढली ती जयपुरातच. शाळेत हिंदी, खेळायला गेली की हिंदी, दूधवाल्या भैयाशी हिंदी. मराठी फक्त घरात, आमच्या दोघांशी. ती मराठी थोडी लंगडी होती, पण होती. आणि मग माझ्या खोडीने ती बंद पाडली.

त्याचं असं झालं. बनी पार्कच्या बाजूला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये आमच्यासारखी महाराष्ट्रातून आलेली काही बौद्ध कुटुंबं होती. एप्रिलमधली जयंती हा आमचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. सकाळी वंदना, दुपारी खीर-पुरी, उन्हं उतरली की कॉलनीच्या हॉलमध्ये मुलांचे कार्यक्रम. कार्यक्रम म्हणजे मुख्यतः भाषणं. प्रत्येक घरचं मूल पाठ केलेलं भाषण म्हणतं, आणि प्रत्येक घरचा बाप पहिल्या रांगेत बसून ओठ हलवतो. मुलगी आठ वर्षांची होती त्या वर्षी तिने पहिल्यांदा भाषण केलं. चार ओळी छान म्हटल्या आणि पाचवीला अडली. तिने वर पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. ती आठवत होती. तिला वेळ हवा होता. मी काय केलं, तर उभा राहिलो आणि हॉलच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पाचवी ओळ सांगितली. वर सहावीही सांगितली. सगळा हॉल हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, आपलीच माणसं होती. पण मीही हसलो, आणि मी हसताना तिने मला पाहिलं.

त्या दिवसापासून तिने मराठी बोलणं सोडलं. भांडली नाही, रडली नाही. आम्ही मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं. मी ‘बाबा’चा ‘पापा’ झालो. मी ड्युटीवर निघालो की दारातून हाक यायची, “पापा, आपका टिफ़िन.” माझ्या सोबतचे गार्ड म्हणायचे, अरे, त्यात काय, सगळ्यांच्या पोरांचं तेच आहे. पण सगळ्यांच्या पोरांचं आपसूक झालं होतं, माझ्या पोरीचं मी केलं होतं. हे मला आत कुठेतरी टोचत राहायचं आणि मी ते कोणाला सांगत नव्हतो. एरवी सगळं सांगणारा मी.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं टीव्हीसमोर होतो. बायको पालक निवडत होती, मी आडवा पडून रिमोट दाबत होतो. मधेच निळाशार समुद्र दिसला तर मुलीने रिमोट माझ्या हातातून काढूनच घेतला. अलास्काचं थंडगार पाणी, त्यात देवमासे. पाठीला कुबड असल्यासारखा बाक आणि दोन्ही बाजूंना पंखासारखे लांबच लांब पर. मी म्हणालो, बघ, केवढा मोठा मासा. ती टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली की हा मासा नाही, हा वर येऊन हवेत श्वास घेतो. आणि तोंडावर बोट ठेवून तिने मला गप्प केलं.

मग आम्ही पाहिलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो. त्या देवमाशांची एक टोळी होती. हे एवढे थोरले जीव, पण खायला बोटाएवढे मासे, आणि ते चपळ, एकेकटं मागे लागून पोट भरणार नाही. म्हणून ते सगळे मिळून करतात. सगळे खोल बुडी मारतात. एक जण माशांच्या थव्याखाली जाऊन गोल गोल फिरत नाकपुडीतून हवा सोडतो. त्या हवेचे बुडबुडे वर चढतात आणि थव्याभोवती बुडबुड्यांची एक गोल भिंत उभी राहते. बाकीचे खालून आणि बाजूंनी मासे दाबत आणतात, आपल्या परांची पांढरी बाजू चमकवून त्यांना भिववतात. एक जण मोठ्याने ओरडतो, पाण्यातून अंगावर येईल असा लांब आवाज. मासे घाबरून वर सरकतात, भिंतीच्या आत आणखी दाटतात. आणि मग सगळेच्या सगळे देवमासे तोंडं उघडून एकदम वर येतात. कोणी आधी नाही, कोणी नंतर नाही. आणि ज्याचं जे काम ते त्याचंच, ज्याची जी जागा ती त्याचीच, असं त्यात सांगितलं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, हे तर आमचं शंटिंग आहे. एकाने सांधा बदलायचा, एकाने झेंडी दाखवायची, एकाने शिट्टी द्यायची, मगच गाडी हलणार. या खेपेला मुलीने मला गप्प केलं नाही. माझ्याकडे वळून तिने हिंदीत विचारलं, हे बुडबुडे म्हणजे तर नुसती हवा आहे, मग मासे त्यातून निघून का जात नाहीत?

मी म्हणालो, मासे येडे असतात. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून क्वार्टर्समागच्या मैदानात देवमाशांची शिकार सुरू झाली. मुलीने दहा-बारा पोरं गोळा केली. मोठी पोरं देवमासे, लहान पोरं मासे. शेजारच्या ड्रायव्हरचा मुलगा लांब पायांचा होता, म्हणून त्याला बुडबुड्यांचं काम, म्हणजे थव्याभोवती धावत चकरा मारायच्या. देवमाशांना जबडे हवेत म्हणून दोन-दोन सुपं एका बाजूने सुतळीने बांधून त्यांचं उघडमीट करणारं तोंड झालं. चार घरची सुपं गायब झाली आणि चार घरच्या बायका आमच्या दारात आल्या. माशांनीही एकदा संप केला, कारण रोज त्यांनीच का खाल्लं जायचं. शेवटी खाल्ल्या जाणाऱ्या प्रत्येक माशाला एक बोर, असं ठरलं. त्यातही एक सव्वाचार वर्षांची मासोळी होती, ती बोर घ्यायची आणि खाल्ली जायची नाही.

बायको गॅलरीतून हे सगळं बघत होती. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, “जयंतीले हेच करू द्या ना पोट्टीले. भाषण तर ती काही करत नाही.”

जयंती मंडळाचे अध्यक्ष रिटायर्ड हेडक्लार्क होते. कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय पुढे न सरकवणारा माणूस. त्यांनी विचारलं की जयंतीत देवमाशांचं काय काम? मी उत्तर द्यायला तोंड उघडलंच होतं, पण बायको आधी बोलली. “एकट्याच्यानं होत नाही ते सगळे मिळून करतात, आणि पोटभर सगळेच खातात. हे जयंतीत नाही बसत, तर मग काय बसते, भाऊ?” अध्यक्षांनी चष्मा पुसला. ठीक आहे म्हणाले, पण एक अट. म्हाताऱ्या माणसांना कळलं पाहिजे, तेव्हा कोणीतरी बाजूला उभं राहून सगळं समजावून सांगायचं, आणि मराठीत सांगायचं.

समजावून सांगण्याइतकं देवमाशांबद्दल माहीत असलेली व्यक्ती कॉलनीत एकच होती. आम्ही तिला अट सांगितली. ती बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसली. मला वाटलं संपलं. मग तिने आईकडे बघून, माझ्याकडे न बघता, आपली अट सांगितली. “पापा सामने नहीं बैठेंगे. परदे के पीछे रहेंगे. और सीटी मुँह में रखेंगे. पूरा टाइम.”

म्हणजे ओरडणारा देवमासा मी. शिट्टी वाजवून सगळ्यांना वर यायचा इशारा द्यायचा. काम मोठ्या जबाबदारीचं होतं, पण ते मला का दिलंय हे मला समजत होतं. तोंडात शिट्टी असलेल्या माणसाला पाचवी ओळ सांगता येत नाही. बायको तोंड फिरवून हसली. मी म्हणालो, मंजूर.

आता मला इशारा कसा मिळणार? तर मुलीने माझी हिरवी झेंडी मागून घेतली. तिचं सांगून झालं की ती झेंडी वर करणार, मग मी शिट्टी देणार, मग जबडे उघडणार. मी तिला आमचा नियम समजावला. गार्डची हिरवी दिसल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. सिग्नल मिळालेला असला, मागून कोणी ओरडत असलं, तरी नाही. आणि गार्डही घाई झाली म्हणून झेंडी दाखवत नाही, सगळं ठीक आहे हे बघूनच दाखवतो. तिने नीट ऐकलं. म्हणजे आता गार्ड मी आणि ड्रायव्हर तुम्ही, असं ती हिंदीत म्हणाली. मी हो म्हणालो. नोकरीतली माझी सगळी वर्षं मी दुसऱ्याला झेंडी दाखवली होती, वाट बघायचं काम पहिल्यांदाच आलं.

समुद्र बायकोने दिला. बगरूहून आणलेल्या दोन चादरी तिने पाहुण्यांसाठी जपून ठेवल्या होत्या. निळीत रंगवलेल्या, गडद, एकदाही न धुतलेल्या. त्या दोन्ही स्टेजवर दोरीला बाजूबाजूने टांगल्या आणि मधे बोटभर फट ठेवली, मला झेंडी दिसावी म्हणून. बुडबुड्यांसाठी पांढरे फुगे. लांब सुतळीला ओळीने बांधले, ती सुतळी घेऊन ड्रायव्हरचा मुलगा थव्याभोवती फिरणार होता.

जयंतीच्या दिवशी जयपूर नेहमीप्रमाणे तापलं होतं. हॉलमधले पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. आमच्या आधी सात भाषणं झाली, सात बापांचे ओठ हलले. मग मी चादरीमागे जाऊन उकिडवा बसलो, शिट्टी दातांत धरली, आणि फटीला डोळा लावला. मला तिचा डावा खांदा, एक वेणी, आणि झेंडी धरलेला हात एवढंच दिसत होतं.

तिने सुरुवात केली. वर्षभराने मी तिची मराठी ऐकत होतो. आवाज बारीक होता, मधे मधे ‘मतलब’ येत होतं, पण गाडी चालू होती. देवमासा मासा नसतो, हे तिने आधी सगळ्यांना बजावलं. बुडी कशी मारतात ते सांगितलं, सुपांचे जबडे घेतलेली पोरं खाली वाकली. बुडबुड्यांची भिंत सांगितली, ड्रायव्हरचा मुलगा फुगे घेऊन धावायला लागला आणि चांदीच्या कागदाच्या टोप्या घातलेले मासे आत गोळा झाले. आमची बोरं खाणारी मासोळी सोडून, ती बाहेरच उभी राहून आपल्या आजीला हात हलवत होती. लोक खूश होते.

मग ती म्हणाली, “ही भिंत नुसत्या बुडबुड्यांची आहे. तरी मासे बाहेर नाही येत. कारण...”

आणि अडली.

मला पुढची ओळ पाठ होती. आमच्या घरात ती भिंतींनासुद्धा पाठ होती. ओळ माझ्या घशाशी आली, शिट्टीच्या मागे येऊन उभी राहिली. फटीतून तिचा हात दिसत होता, झेंडी खालीच होती. मला कळलं की तिने आत्ता झेंडी वर केली तर सगळं निभावून जाईल. मी शिट्टी देईन, जबडे उघडतील, टाळ्या पडतील, ती अडली होती हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. मी मनात म्हणत होतो, कर बेटा, कर वर. पण झेंडी वर होत नव्हती, आणि हिरवी दिसल्याशिवाय गाडी हलवायची नव्हती. मी दात शिट्टीत रुतवले. इतका गप्प मी आयुष्यात बसलेलो नाही.

एक गोष्ट मला तेव्हा दिसली नाही, बायकोने नंतर सांगितली. मुलगी अडली तरी पोरांमधलं कोणीच थांबलं नाही. ड्रायव्हरचा मुलगा फुगे घेऊन चकरा मारतच राहिला. एक झाली, दोन झाल्या, तिसरी झाली. त्याचा श्वास फुलला तरी त्याने वेग कमी केला नाही. देवमासे सुपं घेऊन वाकले होते ते वाकलेलेच राहिले. मासे आत दाटून उभे होते ते तसेच उभे. तिने त्यांना मैदानात शिकवलं होतं की इशारा होईपर्यंत ज्याने त्याने आपली जागा सोडायची नाही. त्यांनी सोडली नाही.

तेवढ्यात गरमीने एक फुगा फुटला. फट्कन. आणि मागच्या रांगेत हसू फुटलं, ते पुढे पुढे येऊ लागलं.

तेच हसू, तोच हॉल. फटीतून मी पाहिलं, तिने वाकून फुटलेल्या फुग्याचं रबर उचललं. हातात धरून त्याच्याकडे पाहिलं. मग झेंडी बगलेत मारली, अगदी मी मारतो तशी, आणि ते रबर लोकांना दाखवलं.

“हे बघा. यात काहीच नव्हतं. नुसती हवा होती.” ती थांबली, पण आता अडली नव्हती. “मासे हवेला घाबरतात. मागच्या साली मी पण घाबरली होती.”

हॉलमधलं हसू कुठल्या कुठे गेलं. हे वाक्य आमच्या पाठांतरात नव्हतं. आमच्या पाठांतरातलं वाक्य याच्यापुढे काहीच नव्हतं, आणि मी ते सांगितलं असतं तर हे कधीच आलं नसतं.

मग तिने सगळीकडे एकदा पाहिलं. देवमासे जागेवर, मासे जागेवर, फुगे फिरताहेत. सगळं ठीक आहे हे बघून तिने हिरवी झेंडी वर केली.

आणि मी शिट्टी फुंकली तर आवाजच आला नाही. तोंडाला कोरड पडली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, नुसती फुस्स झाली. मी ओठ पुसले, चादरीनेच पुसले, आणि दुसऱ्यांदा अशी फुंकली की फुलेऱ्यापर्यंत जावी. सुपं उघडली, देवमासे एकदम उठले, चांदीच्या टोप्या किंचाळत चादरीखालून घसरत माझ्या अंगावर येऊन पडल्या. शेवटी ती मासोळीसुद्धा आत आली, कारण सगळे चादरीमागे गेले आणि ती बाहेर एकटी पडली. हॉलमध्ये टाळ्या वाजत होत्या. मी फटीतून बघितलं तर मागच्या रांगेतले चार-पाच गार्ड आणि ड्रायव्हर हात वर करून डावीउजवीकडे हलवत होते. स्टेशन सोडताना आम्ही एकमेकांना तसाच ‘सगळं ठीक’चा इशारा देतो. हिरवी झेंडी दिसली, शिट्टी ऐकली, आणि त्यांचे हात आपोआप वर गेले. मुलीने झेंडी हलवून त्यांना उत्तर दिलं.

मी बाहेर आलो तेव्हा माझं तोंड निळंभोर झालं होतं. घाम, डोळे, ओठ, सगळं मी त्या न धुतलेल्या चादरीला पुसलं होतं. पण जयंतीच्या दिवशी निळ्या तोंडाकडे कोण बघतो? अर्ध्या हॉलच्या कपाळाला सकाळपासून निळा गुलाल होताच. अध्यक्षांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मग म्हणाले की पुढच्या वर्षी आणखी एखादा प्राणी बघा. बायकोने मात्र माझ्याकडे एकदा आणि चादरीकडे एकदा पाहिलं, आणि दोघांचं काय झालंय ते ती समजली.

त्या रात्री मला वाटत होतं की पोरगी आता घरी मराठीत बोलेल. बोलली नाही. जेवली, हिंदीत दोन गोष्टी सांगितल्या आणि झोपून गेली. मी काही विचारलं नाही. ती शिट्टी अजून माझ्या तोंडातच आहे असं समजून मी गप्प राहिलो.

सकाळी मला ड्युटी होती. पिशवी उचलली, खाली उतरलो, सायकलचं कुलूप काढत होतो. वर गॅलरीत चपला वाजल्या.

“बाबा! डबा राहिला तुमचा!”

मी तीन मजले परत चढलो. तिने दारात माझ्या हातात डबा दिला, मी घेतला, आणि गप्पच राहून खाली आलो.

त्यानंतर चार दिवस मी रोज डबा घरी विसरून निघालो. पाचव्या दिवशी बायकोने तो माझ्या पिशवीत आधीच कोंबून ठेवला आणि मला कानाशी येऊन सांगितलं, “पुरे आता. ती बोलते आता, डबा नसला तरी.”